पारी कशाची?

सांगलीतील एका कुटुंबात नातीचा बारावा वाढदिवस नोव्हेंबरच्या अखेरीस आला. तिच्या हट्टाखातर सारे घर एका चायनीज हॉटेलात गेले. आजींचे वय एकाहत्तर. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा त्यांचा नियम चाळीस वर्षांचा आहे. म्हणून सगळे दुपारी साडेचारलाच निघाले. हॉटेलात तेव्हा दुसरे गिऱ्हाईकही नव्हते. नातीने पदार्थांच्या यादीतील एका ओळीवर बोट ठेवले आणि मोठ्या आनंदाने सांगितले, "आजी, हे तुला चालेल. 'जैन वाँटन सूप' असंच लिहिलंय."

सूप आले. वाफाळणाऱ्या वाडग्यात पांढऱ्या, अर्धपारदर्शक पुरचुंड्या तरंगत होत्या. आजींनी चमच्यावर एक पुरचुंडी घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि वाढणाऱ्या मुलाला विचारले, "बाळा, ही पारी कशाची?"

"मैद्याची, आजी."

"आणि भिजवली कशात?"

मुलगा प्रामाणिक होता. तो आत जाऊन विचारून आला. पारी हॉटेलात तयार होत नाही, गोठवलेल्या पाकिटातून येते. पाकीट टाकून दिल्यामुळे त्यावर काय छापले होते ते आता सांगता येणार नाही. सूपचे मूळ पाणी सर्वांसाठी एकाच पातेल्यात उकळते. 'जैन' म्हणून सांगितले की वरून कांदा-लसूण घालत नाहीत, एवढेच.

आजींनी चमचा हलकेच खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत, कोणाला बोलल्याही नाहीत. लिंबाचे सरबत तेवढे मागवून घेतले. नातीनेही आपला वाडगा अर्ध्यावर सोडला. घरी परतताना रिक्षात आजी सुनेला म्हणाल्या, "तुम्ही येत जा सगळे. मी आपली घरी बरी."

वाक्य साधे होते, परंतु सुनेच्या मनात ते सलत राहिले. त्या घरात आजी सायंकाळी साडेपाचला एकट्या जेवतात. मुलगा दुकान बंद करून येतो तेव्हा नऊ वाजलेले असतात, आणि नातीची शिकवणी सातपर्यंत चालते. सर्वांची एक पंगत बसते ती रविवारी दुपारी आणि घरातल्या वाढदिवसांना. 'मी आपली घरी बरी' या चार शब्दांनी त्यातील एक पंगत कायमची उठणार होती. कोणाचे काही चुकले नव्हते. आजींचा नियम योग्य होता आणि नातीची आवडही वावगी नव्हती. दोहोंच्या मध्ये आला होता तो एक पदार्थ, ज्याचे घटक कोणालाच ठाऊक नव्हते.

सुनेने ठरविले की हे सूप घरीच करून पाहायचे. त्यासाठी आजींनी हॉटेलात विचारलेला प्रश्नच तिने पुढे चालविला. पारी कशाची, आत सारण कशाचे आणि भोवतीचे पाणी कशाचे? वाँटन सूप म्हणजे वास्तविक एवढ्या तीनच गोष्टी होत.

हा पदार्थ मूळचा चीनचा आणि चांगलाच प्राचीन आहे. चीनच्या वायव्येकडील तुर्फान येथे, अस्ताना नावाच्या दफनभूमीत, तांग राजवटीच्या म्हणजे इ. स. ६१८ ते ९०७ या काळातील थडग्यांत पिठाच्या सारण भरलेल्या पुरचुंड्या सापडल्या आहेत. वाळवंटातील कोरड्या हवेमुळे त्या हजार-बाराशे वर्षे टिकून राहिल्या. उत्तर चीनमध्ये या पदार्थाला 'हुन्तुन' म्हणतात. दक्षिणेकडील कँटनी बोलीतील उच्चारावरून 'वाँटन' हे नाव जगभर गेले. कँटनी लोक ते ज्या दोन अक्षरांत लिहितात, त्यांचा अर्थ 'ढग' आणि 'गिळणे' असा होतो. पातळ पारीचे शेपूट पाण्यात पसरते तेव्हा ते खरोखरच ढगाच्या तुकड्यासारखे दिसते. सिचुआन प्रांतात याच पदार्थाला 'छाओशोउ' म्हणजे 'हाताची घडी' असे नाव आहे, कारण पारीची दोन टोके एकमेकांवर आणून दाबतात. आपल्या हॉटेलांतील 'शेजवान' हा शब्द याच प्रांताच्या नावावरून आलेला आहे. फुजियान प्रांतात 'चपटे खाद्य' अशा अर्थाचे नाव चालते. बीजिंगच्या जुन्या लोकरीतीत वर्षातील सर्वांत लहान दिवशी, म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबरच्या सुमारास, वाँटन खाण्याचा प्रघात होता. एकूण हा थंडीतला, घरातल्या माणसांनी एकत्र बसून वळण्याचा पदार्थ आहे.

आता पारीविषयी. हाँगकाँग आणि ग्वांगडोंगकडील पिवळसर पारीत बहुधा अंडे असते, शिवाय थोडा क्षारही असतो. अंड्याने पारीला रंग आणि चिवटपणा येतो, तर क्षाराने ती पाण्यात लवकर विरघळत नाही. बाजारात मिळणाऱ्या गोठवलेल्या पाऱ्यांपैकी बऱ्याच याच धर्तीच्या असतात. म्हणून पाकिटावरील घटकांची यादी वाचल्याखेरीज कोणत्याही शाकाहारी घराने त्या आणू नयेत. आजींचा प्रश्न अगदी नेमक्या ठिकाणी पडला होता. परंतु अंडे हा वाँटनचा अनिवार्य घटक मुळीच नाही. चीनमध्येच नुसते गव्हाचे पीठ, पाणी आणि चिमूटभर मीठ एवढ्यावर पारी करण्याची रीत सर्वत्र आहे. बिनअंड्याची पारी ही कोणी आपल्यासाठी केलेली सवलत नसून तो या पदार्थाचाच एक जुना आणि साधा प्रकार आहे. क्षाराचे म्हणाल, तर तो आपल्याकडे पापडखार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो. पापडाला जो ताठपणा येतो, तो त्याच जातीच्या गुणधर्मामुळे.

सारणाची कथा याहून उद्बोधक आहे. रूढ वाँटनमध्ये मांस किंवा जलचर जीव असतात, हे सर्वांना माहीत आहे. मात्र चीनमध्ये निरामिष स्वयंपाकाची स्वतंत्र परंपरा सुमारे दीड हजार वर्षे अखंड चालत आली आहे, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. दक्षिण चीनमधील ल्यांग राजवटीचा सम्राट वू याने इ. स. ५०२ ते ५४९ या काळात राज्य केले. त्याने बौद्ध भिक्षूंनी मद्य आणि मांस पूर्ण वर्ज्य करावे असा आग्रह धरला, आणि पुढे चिनी मठांत तोच नियम रूढ झाला. मठांच्या स्वयंपाकघरांत कोबीवर्गीय पालेभाज्या, सोयाबीनचे पनीर, अळंबी यांचे सारण भरून वाँटन आजही केले जातात.

या भिक्षूंचा आणखी एक नियम जैन वाचकांच्या विशेष लक्षात राहील. मांसाबरोबरच ते पाच उग्र वासाच्या वनस्पती वर्ज्य मानतात. त्यांत लसूण आहे आणि कांद्याच्या कुळातील इतर प्रकार आहेत. चिनी बौद्धांच्या ब्रह्मजाल सूत्रात दिलेल्या यादीतील पाचवे नाव मात्र मराठी गृहिणीला चकित करील. ते नाव आहे हिंग! त्यासाठी वापरलेला चिनी शब्दही संस्कृत 'हिंगु' या शब्दावरूनच गेलेला आहे. लसणाची उणीव भरून काढण्यासाठी जैन स्वयंपाकघर जो हिंग हाती घेते, तोच चिनी भिक्षू लसणाच्या पंक्तीला बसवून दूर ठेवतो.

दोन्ही नियमांमागील विचार भिन्न आहेत. या पदार्थांनी कामक्रोध उद्दीपित होतात आणि ध्यानात विघ्न येते, असे भिक्षूंचे म्हणणे आहे. जैन आचारात मुख्य भर अहिंसेवर आहे. कंदमूळ अनंतकाय असते, म्हणजे एका शरीरात अनंत जीवांचा वास असतो, म्हणून ते वर्ज्य. त्यामुळेच भिक्षूला चालणारे आले आणि अळंबी जैन घरात चालत नाहीत, आणि जैन घरातला हिंग मठात चालत नाही. परंतु कांदा-लसणावाचून वाँटन होऊच शकत नाही, हे म्हणणे चीनच्याच मठांनी शतकानुशतके खोटे ठरविले आहे, एवढे निश्चित.

उरला प्रश्न पाण्याचा. वाँटनचा खरा कस या पाण्यातच लागतो. पारी आणि सारण साधले तरी भोवतालचे पाणी बेचव असेल तर सारे श्रम वाया जातात. हॉटेलातील चवीचे रहस्य बव्हंशी ग्लुटामेट या घटकात असते. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री वनस्पतीच्या काढ्यातून हा घटक वेगळा केला. गोड, आंबट, खारट आणि कडू यांखेरीजची ही निराळी चव होय, असे सांगून त्यांनी तिला 'उमामी' हे नाव दिले. मठांत ही चव वाळवलेली अळंबी आणि मोड आलेले सोयाबीन उकळून मिळवितात. जैन घरात अळंबी वर्ज्य आहे आणि पुष्कळ घरांत मोड आलेले धान्यही वर्ज्य आहे. परंतु तीच चव पिकलेल्या टोमॅटोत विपुल असते. हिरवा मटार आणि मका यांतही ती असते आणि जोडीला गोडवाही मिळतो. डिसेंबरात ही तिन्ही जिन्नसे मंडईत ताजी असतात. मटार सोलल्यावर जी टरफले आणि मका काढल्यावर जे दांडे घराघरांतून फेकले जातात, त्यांतच या सूपचा अर्धा अधिक रस दडलेला असतो.

एवढी जुळवाजुळव झाल्यावर सुनेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी पीठ मळायला घेतले. आजी देवदर्शन करून आल्या आणि मैद्याचा डबा पाहून उंबऱ्यातच थांबल्या.

"हा मैदा दळला कधी?"

सुनेजवळ उत्तर नव्हते. घरातल्या रीतीप्रमाणे दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस आणि हिवाळ्यात सात दिवस. दुकानातल्या मैद्याच्या पाकिटावर दळल्याची तिथी कुठली असायला? सून क्षणभर खट्टू झाली. मग आजींनीच सुचविले, "मंगळवारी घरघंटीवर दळलेले गहू आहेत ना? ते वस्त्रगाळ करून घे. पूर्वी करंज्यांना आम्ही सपीठच घेत होतो. मैदा कुठे होता तेव्हा?"

सपीठ चाळून घेतले, मळले, आणि सुनेने पाऱ्या लाटल्या. मात्र पहिला प्रयत्न फसला. पाऱ्या करंजीइतक्या जाड झाल्या. सारणातले पाणी नीट पिळले गेले नव्हते, त्यामुळे कडा चिकटल्याच नाहीत. शिवाय वेळ वाचावा म्हणून पुरचुंड्या थेट सूपमध्येच सोडल्या होत्या. निम्म्या फुटल्या, पिठाचा चिकट अंश पाण्यात उतरला आणि स्वच्छ सूपची दाट पेज झाली. मुलगा काही न बोलता जेवला. नात म्हणाली, "आई, आपण हे परत नको करू या." आजींनी मात्र वाडग्यातली एक न फुटलेली पुरचुंडी खाऊन पाहिली आणि म्हणाल्या, "चव चांगली आहे. पारी जाड झाली."

पुढच्या रविवारी सुनेने पुन्हा पीठ मळले. आजी दुपारची सामायिक आटोपून स्वयंपाकघरात आल्या. माळ्यावरून त्यांनी एक जुने लाटणे काढवून घेतले. ते बारीक खाचांचे पापडाचे लाटणे होते. तरुणपणी त्या गल्लीतल्या बायकांबरोबर उन्हाळाभर उडदाचे पापड लाटत. घरी पापड होणे बंद झाल्याला पंधरा वर्षे लोटली होती आणि लाटणे कापडात गुंडाळून तसेच पडून होते. आजींनी पाटावर बसून एक लाटी घेतली. आधी साध्या लाटण्याने फुलक्याएवढी केली, मग खाचांच्या लाटण्याने कडेकडेने फिरवीत मोठी केली, आणि शेवटी पुन्हा साध्या लाटण्याने एक हात फिरवून खाचा मोडून टाकल्या. पारी उचलून त्यांनी खिडकीसमोर धरली, तेव्हा पलीकडच्या तुळशीचे रोप तीतून दिसले.

सून पाहतच राहिली. दोन आठवडे ती या पदार्थातून काय काय वगळावे याची यादी करीत होती, आणि ती सारी यादी आजींसाठी होती. आजी आहेत म्हणून अंडे नको, आले नको, अळंबी नको, दुकानचा मैदा नको. परंतु या सर्वांवाचून सूप होत होते, त्यात अडले होते ते पारीपाशी, आणि पारी आजींच्या हातावाचून होत नव्हती. ज्यांच्यासाठी म्हणून पदार्थात फेरफार चालला होता, तो पदार्थ जमवून आणणारे माणूस त्या घरात नेमके तेच होते. हॉटेलात चमच्यावरची पुरचुंडी उजेडाकडे धरून त्यांनी जी परीक्षा केली, ती नुसत्या नियमाची नव्हती. आयुष्यभर पाऱ्या लाटलेल्या हाताची ती पारख होती.

त्या दिवशी जमलेली कृती वाचक भगिनींसाठी सविस्तर देणे योग्य होईल. प्रमाण चार-पाच माणसांचे, सुमारे बत्तीस वाँटनचे आहे.

पारीसाठी पाव किलो वस्त्रगाळ सपीठ घ्यावे. ज्यांना मैदा चालतो त्यांनी मैदा घेण्यास हरकत नाही. त्यात पाव चमचा मीठ घालून सुमारे अर्धी मोठी वाटी, म्हणजे १२० ते १३० मिलिलिटर गाळलेले पाणी थोडे थोडे करून मिसळावे. पीठ पुरीच्या पिठाइतके घट्ट असावे. दहा मिनिटे चांगले मळून ओल्या फडक्याखाली अर्धा ते पाऊण तास ठेवावे. या विश्रांतीने पिठातला चिवटपणा सैलावतो आणि लाटताना पारी मागे आखडत नाही. सपिठाला मैद्यापेक्षा थोडी अधिक विश्रांती द्यावी. कोंड्याचा कण राहिला तर पारी त्या जागी फाटते, म्हणून चाळणीवर न भागवता पातळ कापडातूनच पीठ गाळावे. लाटताना मक्याचे पीठ लावावे. मोठी पोळी लाटून सुरीने आठ सेंटिमीटरचे चौकोन कापावेत. उरलेल्या कडा पुन्हा मळून घ्याव्यात. कापलेले चौकोन झाकून ठेवावेत, अन्यथा वाळून घडीवर तडकतात.

सारणासाठी दीडशे ग्रॅम कोबी, अर्धी वाटी कोवळा मटार, एक लहान ढोबळी मिरची आणि एक हिरवी मिरची घ्यावी. कोबीचे पान न्‌ पान सुटे करून उजेडात पाहून घ्यावे. मग अगदी बारीक चिरून, मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळावे. पिळून निघालेले पाणी टाकू नये, ते सूपला उपयोगी पडते. मटार वाफवून भरड ठेचावा. त्याने सारण मिळून येते. सर्व एकत्र करून एक चमचा तिळाच्या तेलावर दोन-तीन मिनिटे परतावे. त्यात मिरपूड, चिमूटभर सुंठ आणि चिमूटभर हिंग घालून पूर्ण गार होऊ द्यावे. आले वर्ज्य असले तरी सुंठ बहुतेक घरांत चालते आणि तीच ऊब देते. आजींच्या घरी द्विदलाचा नियम कटाक्षाने पाळतात, म्हणून मटाराबरोबर पनीर घेतले नाही. पनीर घ्यावयाचे असल्यास मटार वगळावा. ज्या घरांत कोबी चालत नाही, त्यांनी किसून पिळलेला दुधी आणि उकडलेले कच्चे केळे घ्यावे. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतात, तेव्हाही हाच पर्याय सोयीचा आहे.

सूपसाठी दोन पिकलेले टोमॅटो, दाणे काढलेल्या दोन कणसांचे दांडे, ओंजळभर स्वच्छ धुतलेली मटाराची टरफले, कोबीचा मधला देठ, कोथिंबिरीच्या थोड्या काड्या, आठ-दहा मिरे आणि सुंठेचा लहान तुकडा घ्यावा. हे सर्व आठ वाट्या पाण्यात मंद आचेवर चाळीस मिनिटे उकळू द्यावे. पाणी खळखळा उकळले तर सूप गढूळ होते. मग पातळ कापडातून गाळावे, चोथा मात्र पिळू नये. सुमारे सहा वाट्या सोनेरी, स्वच्छ रस मिळतो. मीठ आणि कोबीचे पाणी शेवटी घालावे. सोया सॉस आणि व्हिनेगर हे आंबवून केलेले पदार्थ आहेत. आजींच्या घरी ते येत नाहीत आणि या सूपला त्यांची गरजही भासली नाही. वाढताना लिंबाचे चार थेंब पुरेसे होतात. कॉर्नफ्लॉवर लावून दाट करण्याची पद्धत आपल्याकडील हॉटेलांची आहे. कँटनी वाँटन सूप पातळ आणि नितळच असते.

वळताना चौकोनाच्या मध्यभागी जेमतेम एक लहान चमचा सारण ठेवावे. दोन कडांना पाण्याचे बोट लावून त्रिकोणी घडी घालावी आणि आतली हवा बोटांनी बाहेर काढीत कडा दाबाव्यात. आत हवा राहिली तर उकळताना ती फुगते आणि पुरचुंडी फोडते. मग त्रिकोणाची दोन टोके पुढे आणून एकमेकांवर चिकटवावीत. शाळेत मुले हाताची घडी घालतात, तशी ती दिसली पाहिजे. चिनी लोकांना या आकारात जुन्या काळच्या नावेसारख्या चांदीच्या लगडीचा भास होतो आणि ते तो शुभ मानतात.

शेवटची काळजी सर्वांत महत्त्वाची. वाँटन सूपमध्ये उकळू नयेत. दुसऱ्या मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून त्यात आठ-दहाच एका वेळी सोडावेत. वर तरंगू लागल्यावर आणखी दोन मिनिटे थांबावे, झाऱ्याने निथळून वाडग्यात घ्यावेत आणि वरून गरम सूप ओतावे. असे केले म्हणजे सूप नितळ राहते आणि पारीही चिवट होत नाही. हे सर्व केल्या दिवशीच संपवावे, म्हणजे शिळ्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

त्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी सव्वापाचला त्या घरात पाच वाडगे मांडले गेले. आजोबांच्या खोलीतली खुर्चीही स्वयंपाकघरात आणली. बाहेर अजून ऊन होते. रविवार असल्याने मुलगा घरी होता. एरवी तो सहाच्या आधी कधी जेवत नाही, परंतु त्या दिवशी काही न म्हणता येऊन बसला. दोन-तीन वाँटन फुटलेले होते, ते सुनेने आपल्या वाडग्यात घेतले. नातीने पहिला घोट घेतला आणि खरे ते सांगितले, "हॉटेलसारखं नाही लागत."

कोणी तिला दटावले नाही. ते तसे नव्हतेच. त्यात लसणाचा झणका नव्हता, सॉसचा काळसर रंग नव्हता. मक्याचा किंचित गोडवा होता, मागाहून सुंठ-मिऱ्यांची ऊब जाणवत होती आणि सपिठाच्या पारीला गव्हाचा वास होता. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहता तीन तासांचे श्रम झाले आणि पैसे हॉटेलच्या एका वाडग्याहून कमी लागले. श्रमाची बाजू जड होती, हेही खरे. दर आठवड्याला हे करणे कोणत्याही घराला जमणार नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. नातीने दुसऱ्यांदा वाडगा पुढे केला तेव्हा आजींनी तिला विचारले, "हॉटेलसारखं नाही ना? मग कशाला?"

"हे वेगळं आहे," नात म्हणाली. "पण आजी, मला पारी लाटायला शिकव ना."

आजींनी खाऊन झाल्यावर तांब्याभर पाणी प्यायले आणि सूर्यास्ताला अद्याप अवकाश आहे असे पाहून तिला पाटावर बसवले. उरलेल्या पिठाच्या दोन लाट्या होत्या. नातीची पहिली पारी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटकी अशी वेडीवाकडी झाली. तिचे तोंड उतरलेले पाहून आजी म्हणाल्या, "अगं, चौकोनच कापायचा आहे. गोल हवी कुणाला?" आणि त्यांनी सुरी घेऊन त्या वेड्यावाकड्या पारीतून तीन नीट चौकोन कापून काढले.

नातीच्या पुढल्या वाढदिवसाला कोठे जावयाचे, हा विषय त्या घरात अद्याप निघालेला नाही. खाचांचे लाटणे मात्र पुन्हा माळ्यावर गेले नाही. ते आता पोळपाटाशेजारी, खालच्या कप्प्यात असते.